भारत वर आला, त्याचे पेढे

एक कॉम्प्युटर आणि त्यामागे नंबर लावून बसलेले संशोधक, एवढं जमलं की किस्से आपोआप साचतात. थीसिस तेवढा हलत नाही! कोल्हापुरातल्या आमच्या अर्थशास्त्र विभागाच्या खोलीत असंच चालायचं.

त्यातलं खरं कामाचं माणूस म्हणजे सुजाता कांबळे. रोज गडमुडशिंगीहून बसनं यायची. कोणता देश कमीत कमी ऊर्जा जाळून, कमीत कमी धूर सोडून जास्त कमावतो, आणि त्यात आपला भारत कुठं बसतो, हा तिचा विषय. आमचे गाईड मगदूम सर रिटायर व्हायला आले होते. त्याआधी तिचा व्हायवा, म्हणजे पीएचडीची तोंडी परीक्षा, झाला नाही, तर नवा गाईड, पुन्हा श्रीगणेशा, आणि कॉलेजात मिळत आलेली नोकरीही हातची जाणार. त्यामुळे तिच्या थीसिसचं टेन्शन अख्ख्या खोलीला!

•••

तिचा प्रोग्राम सुरू झाला की हमखास लोडशेडिंग. सकाळपासूनचं सगळं पाण्यात.

एकदा ती वैतागली. "सर, जगाची वीज मोजाय बसलोय आणि आपलीच गेली की!"

बंद पंख्याखाली फाईलनं वारा घेत सर म्हणाले, "गेली न्हाई, वाचली. भारताच्या खात्यात जमा धरा!"

•••

पहिला निकाल आला, तर जगात अव्वल कोण? समुद्रातलं एक चिमुकलं बेट. कारखाने नाहीत, धूर नाही, पैकीच्या पैकी मार्क!

पेठ वडगावचा रणजित उसळला, "म्हंजे काय करायचंच न्हाई, मग धूर तरी कुठला? तर मग आमचा थोरला चुलता जगात पहिला!"

सर गंभीरपणे म्हणाले, "त्यांचा डेटा मिळंल काय?"

•••

सरांनी हे मोजमाप घरीही लावून बघितलं. गॅस किती जळतो, स्वयंपाक किती होतो, असं काकूंना विचारत ओट्यापाशी उभे राहिले.

काकू म्हणाल्या, "गॅस माझ्या हातात, स्वयंपाक माझा. धूर तेवढा तुमचा. बाहेर व्हा!"

दुसऱ्या दिवशी सरांनी हे उदाहरण म्हणून वर्गात सांगितलं. असा माणूस होता, म्हणून तर आमचा जीव होता त्यांच्यावर.

•••

एका दुपारी सुजाता ओरडलीच. भारत एकदम वरच्या देशांत! तिनं घरी फोन केला. तिच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, गावात पेढे वाटले. "माझ्या लेकीनं भारत वर काढला," असं सांगत गल्लीभर फिरले.

मग चूक सापडली. धुराचे मार्क वजा करायचे, ते सुजाताकडून अधिक झाले होते. जो जास्त धूर सोडेल तो वर! दुरुस्त केल्यावर भारत घसरला. सुजाताचा चेहरा बघवत नव्हता.

घाबरत घाबरत तिनं आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "पेढं काय आता माघारी घेता येत न्हाईत. देशानंच जरा वर सरकावं की!"

•••

अखेर सरांच्या शेवटच्या आठवड्यात व्हायवा लागला. बाहेरून आलेले परीक्षक कडक. म्हणाले, "तुम्ही प्रत्येक देशाला त्याची जमेची बाजू धरून मोजता. हे लाड नाहीत का?"

सुजाता पाठ केलेलं सगळं विसरली. गाईडला बोलायची परवानगी नाही, त्यामुळे सर नुसतेच रुमाल चुरगळत होते.

मग ती म्हणाली, "न्हाई सर. जमेची बाजू धरून बी जो कमी पडतो, त्यालाच कमी म्हणायचं. आमचे सर आम्हाला असंच मोजतात."

सर खिडकीकडे बघायला लागले.

परीक्षक थीसिस चाळत राहिले. शेवटी रिवाजाप्रमाणे त्यांनी विचारलं, "श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय?"

मागच्या रांगेत आबा उभे राहिले. काखेत पेढ्यांचा बॉक्स.

"पावणं, एकच इचारतो. ह्यो बॉक्स फोडू का? का ह्या बारीला बी धूर अधिकात गेलाय?"

सुजातानं डोळे मिटून घेतले. परीक्षकांनी चष्मा काढून थीसिसवर ठेवला.

"धुराचं पान मी स्वतः तपासलंय. आणा इकडं!"