वटपौर्णिमेला बुडालेली गाडी

गेल्या वटपौर्णिमेला मी आमची गाडी आयर्लंडच्या समुद्रात बुडवली. ब्रेक चांगले होते, हवा स्वच्छ होती, समुद्रसुद्धा आपल्या वेळेवर आला. चूक सगळी माझी.

या चुकीचं मूळ माझ्या गावी, उमेळ्यात आहे, म्हणून आधी उमेळ्याहून निघालो तो दिवस सांगतो. चौदा वर्षं झाली. दारात गाडी उभी, आगाशीहून सासरची माणसं आलेली, बायको स्मिता बॅगांवर नावं चिकटवतेय, आई माझ्या हातावर दही घालतेय. वडिलांचं, आबांचं, मात्र सगळं लक्ष खाडीकडे. त्या दिवशी उधाणाची भरती होती. खारं पाणी भातशेतात शिरू नये म्हणून बांधाला लाकडी दार असतं, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ती वेळेत लागली नाही तर त्या वर्षीचं भात गेलंच. आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाले, "पानी कोनासाठी थांबत नाय. नीट जा." आणि माझ्या धाकट्या भावाला, नरेशला घेऊन बांधाकडे चालू लागले. अख्खी आळी मला बघायला जमलेली, आणि मी बघतोय त्या दोघांच्या पाठी. नरेशच्या खांद्यावर फावडं होतं. परदेशी निघालेल्या इंजिनिअरला त्या फावड्याचा हेवा वाटला. विमानात स्मिताने विचारलं, "आईची आठवण येतेय का?" मी हो म्हटलं. फावड्याची येतेय असं कसं सांगणार?

हेवा तसा जुनाच. शाळेत आम्ही दोघंही जायचो, पण शाळा सुटली की नरेश आबांच्या मागे बांधावर. मी नुसता पाय ठेवला तरी, "तू घरी जा. अभ्यास कर." गावात म्हणायचे, मोठा हुशार आहे, त्याला जपतात. मीही तेच धरून चाललो. हुशारीच्या बाबतीत गावाशी वाद घालायचा माझा स्वभाव नाही. पण मला हवं होतं ते आबांचं भरतीचं गणित. ते मी केळींच्या आड उभा राहून चोरून पाठ केलं. तिथीची पाऊणकी करायची. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणकी सव्वाअकरा. सव्वाअकराला पूर्ण भरती, मग सहा तास पाणी उतरत जाणार. "पान्याला घड्याळ नसतं, तिथी असते," आबा नरेशला सांगत होते. मला कोणी सांगत नव्हतं, पण पाठ झालं ते मलाच, असं मी स्वतःला बजावत असे.

आबा जाऊन चार वर्षं झाली. या जूनमध्ये नरेश पहिल्यांदा माझ्याकडे आला. तो सातिवलीला एका गोडाऊनचं स्टोअर सांभाळतो आणि खाडीकाठी उरलेल्या दोन तुकड्यांत अजून भात लावतो. आमच्या वाडीच्या जागी आता बिल्डिंग आहे. येताना त्याने आगाशीची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, आणली, केळीच्या सोपटात बांधलेली, मधासारखी पिवळी. माझी लेक ईशा इथलीच, अकरा वर्षांची. मी गेल्या खेपेला हीच सुकेळी आणली तेव्हा तिने वास घेऊन परत ठेवली होती. काकाच्या हातून तिने उभ्या उभ्या चार खाल्ली. दोन दिवसांत घरात "काका, काका" सुरू झालं. तिसऱ्या दिवशी मी जाहीर केलं, "उद्या समुद्रावर जायचं. मी दाखवतो तुम्हाला."

तुम्ही तिकडे राहिलेले लोक समुद्र म्हटलं की अर्नाळा, राजोडी, सुरूची झाडं आणि गरम भजी आणाल डोळ्यांसमोर. इथला समुद्र तसा नाही. काळे कडे, खाली फुटणाऱ्या लाटा, ऐन जूनमध्ये दात वाजवणारा वारा. नरेशने कानटोपी घातली आणि गाडीत पुढे बसला. स्मिताचा उपास होता. इथे वड मिळत नाही, तिने सकाळी कागदावर काढलेला वड पुजला होता आणि त्याच्याकडे सात जन्मांची सोय लावून ती मागे बसली होती.

कड्याकड्याने दोन तास गाडी चालवली. प्रत्येक वळणावर मी काही ना काही माहिती देत होतो. ईशा ऐकत होती काकाचं. एका ठिकाणी उतरून खडकांवर गेलो तर नरेशने तिला हाताला धरून नेलं. "हिरव्यावर पाय देऊ नको, काळ्यावर दे." ती बकरीसारखी उड्या मारत गेली. मी हिरव्यावर पाय दिला. खडकाला चिकटलेल्या शिंपल्या सुरीने कशा सोडवायच्या ते त्याने तिला दाखवलं. चौदा वर्षं या किनाऱ्यापासून दोन तासांवर राहतोय मी. खडकाला शिंपल्या असतात हे मला त्या दिवशी कळलं.

मग आलं ते बेट. किनाऱ्यापासून पाव कोस असेल. ओहोटीला मधली वाळू उघडी पडते आणि गाडी थेट पलीकडे नेता येते. दुपारचे दोन वाजले होते, वाळू सुकी ठणठणीत. मी म्हटलं, झालं. आज पौर्णिमा, सव्वाअकराला भरती होऊन गेली, आता सव्वापाचपर्यंत पाणी उतरतच जाणार. रात्री आठपर्यंत बेट आपलं. हे सगळं मी मोठ्याने सांगितलं, पाऊणकीसकट. नरेशने ऐकावं म्हणून.

ईशा म्हणाली, "बाबा, तिथे बोर्ड आहे. आज थ्री ओक्लॉकनंतर जायचं नाही असं लिहिलंय."

"ते पिकनिकवाल्यांसाठी असतं," मी म्हटलं. "आपण खाडीवरचे." कळंबच्या वाळूत मुंबईवाल्यांच्या गाड्या रुतायच्या तेव्हा आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो. त्या टाळ्यांच्या जोरावर मी गिअर टाकला.

नरेश खिडकीतून वाळूकडे बघत होता. मग म्हणाला, "दादा, सव्वाअकराला भरती होती तर दोनला वाळू येवढी सुकी कशी?"

"इथलं सगळं वेळेत होतं. शिस्त आहे."

"आनि ते पक्षी वर सरकतायत बघ. पानी चढताना सरकतात तसे."

"नऱ्या, मला शिकवू नको. आबांचं गणित आहे हे."

तो गप्प बसला. आबांचं नाव काढल्यावर त्याला गप्प बसावंच लागणार हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी ते काढलं. पलीकडे पोचल्यावर तो एवढंच म्हणाला, "गाडी वरच्या रस्त्यावर लाव तरी." वर खड्डे होते. नवी गाडी. मी ती खाली वाळूत, खडकाच्या आडोशाला लावली.

बेट पाहून साडेचारला परत आलो तेव्हा दोन्ही किनाऱ्यांच्या मध्ये समुद्र होता. नुसता ओलावा नव्हे, लाटा होत्या. आणि आमची गाडी दारापर्यंत पाण्यात, आरशांचे कान बाहेर काढून उभी. मी बूट काढून धावलो. नरेशने मागून कॉलर धरली.

"कुठे चाललास? लोखंड हाय ते, जाऊ दे. पोरीला घेऊन वर चल."

स्मिता गाडीच्या टपाकडे बघत म्हणाली, "सकाळीच सात जन्म मागितले हो मी. थोडं थांबायला हवं होतं."

एका दगडी गडग्याच्या आडोशाला आम्ही चौघं पाणी उतरायची वाट बघत बसलो. नरेशने कानटोपी ईशाला घातली. तिने विचारलं, "काका, तुला पाण्याचं कोणी शिकवलं?"

"कोनी नाय. आबा बांधावर उभं करायचे, म्हनायचे बघ. मी बघायचो. थंडीत पाय सुन्न व्हायचे. आनि सारखं एकच: तुझा दादा बघ, तुझा दादा बघ. तो खुर्चीत बसनार, तू चिखलात." तो माझ्याकडे वळला. "फार राग यायचा तुझा. तू विमानात बसलास त्या दिवशी फावडं फेकलं होतं मी खाडीत. आबांनी परत काढायला लावलं."

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. भावाला इतकी वर्षं आपला हेवा वाटत होता हे कळून आनंद होणं चांगलं नाही, पण गाडी बुडालेल्या माणसाला तेवढं तरी मिळावं. लगेच दुसरा विचार आला. त्याला आबांजवळचा चिखल मिळाला आणि हेवा माझ्या खुर्चीचा वाटला. मला खुर्ची मिळाली आणि मी चिखलासाठी झुरत राहिलो. आबांना मात्र दोघांचीही काळजी करावी लागली.

नऊला वाळू उघडी पडली. नऊ म्हणजे इथे जूनमध्ये लख्ख संध्याकाळ. बेटावरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. तो काही लागेल असं बोलला नाही, फक्त बोर्डाकडे बोट दाखवलं. मी त्याला विचारलं, पौर्णिमेला इथे भरती किती वाजता? "सहाच्या सुमाराला. नेहमीच," तो म्हणाला.

म्हणजे आबांचं गणित खोटं नव्हतं. ते आमच्या किनाऱ्याचं होतं. प्रत्येक किनाऱ्याला पौर्णिमेचा चंद्र तोच, भरतीची वेळ ज्याची त्याची. चौदा वर्षं इथे राहून मी हा साधा प्रश्न कोणाला विचारला नव्हता, कारण उत्तर उमेळ्याहून घेऊन आलोय असं मला वाटायचं. माझ्यासारखे जे इकडेतिकडे जाऊन राहिलेत त्यांना एवढंच सांगतो: घर म्हणजे जिथलं पाणी कधी चढतं हे माणसाला न विचारता कळतं ते. आणि जिथे कळत नाही तिथे विचारावं. मी आता विचारतो. नरेशला तेही लागलं नाही. जायच्या आदल्या दिवशी खिडकीतून चंद्र बघून त्याने इथली भरती बरोबर सांगितली. हेवा अजून आहेच.

गाडी बुडाल्याच्या दुसऱ्या दिवशी आईला व्हिडिओ कॉल लावला होता. नरेशने सगळं सांगितलं, पक्ष्यांसकट. आईने आधी ईशाला सर्दी झाली का ते विचारलं. मग मी इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं: "आई, आबांनी मला पाण्यावर का नेलं नाही? मी हुशार होतो म्हणून ना?"

आई स्क्रीनच्या अगदी जवळ आली. नुसतं कपाळ दिसत होतं.

"हुशार? आठ वर्षांचा होतास, आबांनी उघाडी लावायला पाठवला तर लावलेली उघडून आलास. सगळं भात खाऱ्यात गेलं. त्या रात्री आबा म्हनाले, याला शिकवू आपन, शेतावर ठेवला तर सगळ्यांना उपाशी मारील."