रुमालवाल्या साहेबांचा रस्ता

सरनाईकसाहेब रुमालाने पुसल्याशिवाय कुठेही बसत नसत. शिपायाने नुकतीच पुसलेली स्वतःची खुर्चीसुद्धा ते पुन्हा पुसत, रुमालाची चौकोनी घडी घालत आणि मगच टेकत. ऐंशीच्या दशकात बोईसरला मी त्यांच्या हाताखाली कनिष्ठ अभियंता होतो. त्यांच्याबद्दल मला कधीच आदर वाटला नाही. तो आहे असं मात्र मी रोज दाखवत राहिलो, आणि त्याची लाज अजून जात नाही.

औद्योगिक वसाहत वाढणार म्हणून सालवड गावाच्या अंगाला एक चौपदरी रस्ता आधीच बांधून ठेवला होता. वसाहत तिकडे वाढलीच नाही. रस्ता माळावर जाऊन थांबला. त्याच्या एका बाजूने शिफ्टच्या बस जात, दुसरी बाजू रिकामी. पाळी सुटलेले कामगार बसमधून या रिकाम्या बाजूला उतरत, म्हणून संध्याकाळी बायका तिथेच मासळी आणि वालाच्या शेंगा घेऊन बसत.

साहेबांनी कुठल्याशा कॅलेंडरवर परदेशातला झाडांचा रस्ता पाहिला आणि रिकामी बाजू बंद करून तिथे तसाच फिरायचा रस्ता करायचं ठरवलं. करंजाची झाडं, सिमेंटचे बाक. ‘‘लोकांना सौंदर्याची सवय लावावी लागते,’’ ते म्हणत. कल्पना चांगली होती, एवढं मान्य करतो. फक्त ‘लोक’ म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढे अधिकाऱ्यांच्या बायका असत आणि त्यांची कुत्री.

बाक बसवले त्याच संध्याकाळी मासळीवाली काशीबाई आपली पाटी शेजारी ठेवून एका बाकावर बसली. साहेबांची जीप थांबली.

‘‘ए बाई, हे बसायला आहे!’’

‘‘मंग मी काय उबी हाय?’’

‘‘ही नागरिकांची जागा आहे.’’

काशीबाई शेजारणीकडे वळली. ‘‘आयकलंस काय गो? आमी मंग कोण, बगळे?’’

बायका खिदळल्या. साहेबांचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला : बाक उचला, बायकांनाही उठवून माळावर पाठवा. मी म्हणालो, ‘‘होय साहेब.’’ बाक अधिकाऱ्यांच्या क्लबच्या हिरवळीवर गेले. बायकांना उठवायला मीच उभा राहिलो.

‘‘मान्सं उतरतात इथं,’’ काशीबाई म्हणाली, ‘‘आनि आमी मालावर जाऊन मासली कोनाला इकू? कोल्ह्याला?’’

मी हुकूम पुन्हा वाचून दाखवला. त्या उठल्या, पण गेल्या नाहीत. साहेबांची जीप घरी गेली की परत येऊन बसू लागल्या. कॅलेंडरवरच्या झाडांना पाणी लागत नसावं, कारण साहेबांनी माळी नेमलाच नव्हता. रोपं वाळू लागली, तेव्हा बायका जाताना मासळी धुतलेलं पाणी त्यांच्या बुडाशी ओतू लागल्या. रोपांनी जीव धरला. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. ‘‘माझ्या झाडांना वास लावला या बायकांनी!’’ पुढे त्यांची बदली झाली. निरोपाच्या भाषणात मी त्यांना द्रष्टे म्हणालो.

निवृत्त झाल्यावर, एकदा कुणाच्या तरी लग्नाला पालघरला आले असताना, त्यांनी रस्ता बघायची इच्छा धरली. मी घेऊन गेलो. करंज डोक्यावर दाटले होते. सावलीत बाजार गच्च भरला होता. चार पावलं चालून साहेबांना धाप लागली. बसायला कुठे बाक नव्हता.

केस पिकलेल्या काशीबाईने बर्फाचं लाकडी खोकं पालथं घातलं. साहेबांचा हात खिशात गेला, पण रुमाल घरी राहिला होता. तिने पदराने खोकं पुसलं. ‘‘बसा सायब. पुसल्याबिगर तुमाला बसवत नाय, ठावं हाय आमाला.’’

साहेब बसले. वर पाहिलं, घाम टिपायला बाही वापरली आणि मला म्हणाले, ‘‘पाहिलंत? मी म्हटलंच होतं, लोकांना सवय लावावी लागते.’’

पुन्हा मासळी कापायला बसलेल्या काशीबाईचा सुरीवरचा हात थांबला. ती माझ्याकडे पाहत होती, मी काय बोलतो याची वाट पाहत.

‘‘होय साहेब,’’ मी म्हणालो.