ढोरांच्या डॉक्टरची गाडी

डॉक्टरसाहेब गाडीचं बॉनेट कधी सरळ उघडत नसत. आधी हाताची मागची बाजू बॉनेटवर टेकवायचे, डोळे मिटायचे आणि थोडा वेळ गप्प उभे राहायचे. ताप आलेल्या गाईच्या कानाच्या बुडाशी हात लावून बघतात ना, अगदी तसं. मी पाना हातात घेऊन मागे ताटकळत उभा. माझं सेनगावला स्टँडच्या मागे गॅरेज आहे. एरवी गिऱ्हाईक गाडी लावतं, "लवकर कर रे" म्हणतं आणि चहाला निघून जातं. हा माणूस गाडीजवळून हलायचा नाही आणि मलाही घाई करू द्यायचा नाही. "मिस्तरी, पाना खाली ठेव. आधी तिला इचारू दे," म्हणायचे. तिला म्हणजे गाडीला! मला असा राग यायचा की विचारू नका.

साहेब सरकारी दवाखान्यात गुरांचे डॉक्टर होते. आमच्या भागात त्यांना सगळे ढोरांचे डॉक्टरच म्हणत आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. सगळी नोकरी त्यांनी एका पांढऱ्या अँबेसिडरमध्ये केली. कुण्या मिलिटरीवाल्याकडून जुनीच घेतलेली. अडलेली म्हैस असो की फुगलेली शेळी, ती गाडी शिवारात हजर. एकदा तर एका धनगराची आजारी मेंढी त्यांनी मागच्या सीटवर निजवून दवाखान्यात आणली. घरी काकूंनी, म्हणजे साहेबांच्या बायकोनं, सीटवरच्या लेंड्या बघितल्या आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सुनावलं, "एक दिवस मलाबी दावं लावून बसवा मागं!" साहेब हसत हसत बादली घेऊन सीट धुवायला बसले. काकूंच्या तोंडाला अशी धार होती, आणि त्या धारेवर साहेब जाम खूष असत.

गाडी बिघडली की ते मला जनावराच्या मालकासारखं बसवून घ्यायचे आणि प्रश्न सुरू. कधीपासून? उभी राहिल्यावर की पळाल्यावर? सकाळी की उन्हाचं? "मुकं जनावर तकलीफ सांगत न्हाई, मिस्तरी. आपण बराबर इचारलं तर मात्र लपवतबी न्हाई." मी वैतागून म्हणायचो, "साहेब, मला दहा गाड्या बघायच्यात." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "मग त्या नऊ बघून ये. मी हाय इथंच." आणि खरंच बसून राहायचे, टायरवर, पेपर वाचत.

मग काकूंना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि ती धारदार जीभही गेली. "हं" आणि "राहू दे", एवढंच काय ते तोंडातून निघायचं, तेही अर्धं. व्यायामासाठी त्यांना दर आठवड्याला हिंगोलीला न्यावं लागे. नव्या गाड्यांमध्ये त्यांना वाकून बसता येईना, जीपची पायरी चढवेना. अँबेसिडरचं दार मात्र रुंद, सीट पलंगासारखी. साहेब त्यांना कडेवर घेतल्यासारखं धरून आत सरकवत आणि मग पदर दारात अडकला नाही ना ते दोनदा बघत.

संदीप, त्यांचा मुलगा, पुण्याला नोकरीला. त्याचं म्हणणं होतं की दोघांनी आता पुण्याला यावं. चांगला पोरगा, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण काकू आजारपणानंतर एक महिना पुण्याला राहून आल्या होत्या, आणि चौथ्या मजल्यावर बसून रोज रडल्या होत्या. सेनगावला गल्लीतल्या बाया अंगणात येऊन बसत, काकूंनी नुसती भुवई उडवली तरी त्यांना सगळं समजे आणि हशा पिकायचा. तिकडं कुणाला काय कळणार?

नेमकी त्याच उन्हाळ्यात गाडी तापायला लागली. एकदा हिंगोलीच्या वाटेवर, नरसी गावाच्या अलीकडे भर दुपारी रेडिएटर उकळला, वाफेचा फवारा उडाला आणि लकव्याची बाई बाभळीखाली उन्हात बसून राहिली. संदीपला कळलं तेव्हा तो फोनवर ओरडलाच. "बाबा, पुढच्या शनिवारी मी येतोय. मी स्वतः गाडीत बसणार. रस्त्यात तापली तर गाडी विकायची आणि तुम्ही दोघं माझ्यासोबत चलायचं. बस्स!" साहेब "बरं" म्हणाले आणि थेट माझ्याकडे आले. चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

त्या दिवशी मी पाना खाली ठेवला, न सांगता. पंख्याचा पट्टा बघितला, ताठ होता. पाण्यात बुडबुडे नव्हते, ऑइल पांढरं झालेलं नव्हतं, म्हणजे इंजिनचं हेड शाबूत. साहेबांचे प्रश्न चालूच. उभी असताना गरमीचा काटा जागेवर, पळाली की चढून राहिला. "म्हंजे हवा मिळून राहिली, पाणी फिरून न्हाई राहिलं," ते म्हणाले. इंजिन गरम केलं आणि साहेबांनी हाताची मागची बाजू रेडिएटरवरून हळूहळू फिरवली. कडेला चटका बसत होता आणि मधोमध भला मोठा पट्टा चक्क कोमट! "इथं बंद हाय," म्हणाले. उघडून बघितला तर नळ्या पांढऱ्या खपलीनं गच्च भरलेल्या, पाणी तापवायच्या पातेल्याच्या बुडाला बसते तसली.

"हिला पाणी कोणतं देतात?" साहेबांनी सवयीनं विचारलं. पाणी घालणारे ते स्वतःच होते. रोज सकाळी, देवपूजेच्या आधी, घरच्या बोअरचं, काठोकाठ. आमच्याकडचं बोअरचं पाणी किती खारं ते अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. "जनावर तहानलेलं ठेवू नये म्हणून घालत गेलो रे," ते म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, जाऊ द्या ना, मीबी कधी इचारलं न्हाई." पण त्यांनी मान वर केली नाही.

नळ्यांमधून सळया घालून रेडिएटर साफ केला. इंजिनच्या आतली खपलीही जमेल तेवढी धुवून काढली. पण पाणी फिरवणाऱ्या पंपाची पाती झिजून गेली होती. नवा पंप नांदेडहून सोमवारी यायचा होता आणि संदीप शनिवारी येऊन उभा राहिला.

गाडी पूर्वीपेक्षा बरी होती, पण भरवसा नव्हता. निघायच्या आधी मला एक आठवलं. मिलिटरीवाल्यानं ती गाडी थंड मुलखात वापरली होती, त्यामुळे तिला हीटर होता. हीटर लावला की इंजिनातली थोडी गरमी आत बसलेल्या माणसांकडे जाते आणि काटा तेवढा खाली राहतो. मी साहेबांच्या कानात सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना चोरी करायला सांगतोय. मेचा महिना, दुपारचं ऊन आणि हीटर!

साहेब चालवत होते, मी शेजारी, मागे संदीप आणि काकू. नरसी मागे पडली आणि काटा हलायला लागला. साहेबांनी गुपचूप बटण ओढलं. भट्टीचं तोंड उघडावं तशी झळ अंगावर आली. थोड्या वेळानं संदीप म्हणाला, "बाबा, हे गरम कुठून येतंय? बंद करा ना ते, आईला त्रास होईल." साहेबांचा हात बटणाकडे गेला. बंद केलं असतं तर काटा लाल रेघेत गेला असता आणि सगळं तिथंच संपलं असतं.

"नको."

मी गर्रकन मागे वळलो. काकू बोलल्या होत्या. तोंड वाकडं होत होतं, एकेक अक्षर ओढून काढत होत्या. "थं… थंडी. थंडी वाजते मला."

कपाळावरून घामाच्या धारा वाहत होत्या त्यांच्या! जन्मभर त्या गाडीत नवऱ्याच्या शेजारी बसून काटा बघितलेली बाई ती. संदीप त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं त्यांचा पदर ओढून खांद्याभोवती नीट गुंडाळला. हिंगोलीपर्यंत काटा लाल रेघेच्या अलीकडे राहिला आणि आम्ही चौघंही पावसात भिजल्यासारखे खाली उतरलो.

काकूंना आत नेल्यावर संदीपनं विचारलं, "बाबा, हीटर लावला होता ना?"

"व्हय," साहेब जमिनीकडे बघत म्हणाले. "इंजिन तापू नये म्हणून."

"आईला शिकवून ठेवलं होतं?"

"न्हाई रे. देवाशपथ न्हाई. मी तिला शब्दानं बोललो न्हाई."

संदीपनं दवाखान्याच्या दाराकडे बघितलं. "इतक्या महिन्यांत आईनं पहिल्यांदा काही मागितलं," म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "पंप सोमवारी येतो ना? बसव. मी थांबतो तोवर." साहेब गाडीच्या आडोशाला गेले आणि लहान लेकरासारखे रडले. खोटं कशाला बोलू, मीही रडलो.

पुण्याचं नाव पुन्हा निघालं नाही. काकू पुढे दोन हिवाळे सेनगावलाच होत्या, आपल्या अंगणात, आपल्या बायांमध्ये. गेल्या त्याही तिथंच, आणि खांदा द्यायला सगळी गल्ली होती.

तेरावं झालं आणि साहेबांनी आपली बॅग आपणच भरली. गाडीची चावी आणून माझ्या हातात ठेवली. मला काही समजेना. इतकी धडपड करून राहिलेला माणूस आता आपल्या पायानं पुण्याला चालला! मी म्हटलं, "साहेब, गाडी एकदम ठणठणीत हाय. काहून जाता? राहा ना इथंच."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मला पुणं कधीच नको नव्हतं, मिस्तरी," म्हणाले. "तिला नको होतं."