ताईची दुपार

भाऊजींना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून माझी थोरली बहीण सुधाताई सलग अशी झोपलीच नव्हती. ते जरा कण्हले तरी ती उठून बसायची. हळूहळू ती गोष्टी विसरू लागली. बोलता बोलता साधे शब्द तिला सुचेनात. "माझं डोकं कामातून चाललंय की काय गं?" तिने एकदा मला विचारलं, तेव्हा ती खरोखर घाबरली होती. डॉक्टर म्हणाले, "आधी त्यांना पोटभर झोपू द्या. मग बघू."

म्हणून रविवारी भाऊजींपाशी मी बसले आणि ताईला आतल्या खोलीत पाठवलं. थोड्या वेळाने डोकावले, तर ती गाढ झोपली होती. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, दारावरची बेल वाजली, तरी हलली नाही. श्वास संथ चालला होता. गाढ झोपेत मेंदू साचलेला कचरा धुऊन काढतो, आठवणी जागच्या जागी लावतो, शरीर आपली झीज भरून घेतं, असं म्हणतात. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. आपण त्याला नुसतं पडून राहणं म्हणतो, आणि घरातली बाई दुपारी झोपली तर आळसही म्हणतो. कामात असलेल्या माणसाच्या खोलीचं दार ओढून घ्यावं, तसं मी ते दार हळूच ओढून घेतलं.

उन्हं उतरल्यावर आतून हाक आली. "यांना औषध दिलंस?"

"दिलं. चहाही झाला."

मी दार किलकिलं करून पाहिलं.

"मग मी अजून जरा पडते," ताई म्हणाली आणि कूस बदलून पुन्हा झोपली.