हेमावहिनीच्या कापडी भिंती

सकाळी साडेसातला दादाचा फोन आला तेव्हा मला वाटलं, आईचंच काहीतरी असणार. ऐंशीकडे झुकलेली, साखरेच्या आजारानं डोळे गेलेली आई... मनाची तयारी करूनच मी फोन उचलला. दादा एवढंच म्हणाला, "हेमा गेली गं." मला कळेचना. हेमावहिनी माझ्याहून अवघी चार वर्षांनी मोठी. आदल्या संध्याकाळी बोईसरच्या बाजारातून ताजे बोंबील घेऊन आली होती. पहाटे छातीत दुखलं आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं. त्याला आता दोन महिने झाले.

वहिनी आमच्या मुरबे गावचीच, चार घरं पलीकडची. दादाला तारापूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि दोघांनी सरावलीत भाड्याचं घर घेतलं. बाहेरची खोली बरी होती, स्वयंपाकघर मात्र बघवत नव्हतं. कधीकाळचा हिरवा ऑइलपेंट फुगून त्याचे पापुद्रे सुटलेले, वर आधीच्या भाडेकरूंच्या फोडण्यांचे तेलकट डाग. पोळ्या लाटताना पापुद्रा थेट पिठाच्या परातीत पडायचा. रंग द्यायचा तर तुमच्या खर्चानं द्या, असं मालकानं आधीच सांगितलेलं. वहिनी तेव्हा कपडे शिवणाऱ्या एका कारखान्यात धागे कापायच्या कामाला जायची. तिथले कापडाचे उरलेसुरले तुकडे वजनावर विकत मिळायचे. एका रविवारी तिनं भिंती खरवडल्या, साबण-सोड्यानं धुतल्या, मैद्याची खळ शिजवून तिच्यात तुरटी टाकली आणि ते तुकडे खळीत बुडवून भिंतीवर बसवायला सुरुवात केली. शेगडीच्या मागची जागा तेवढी सोडली, तिथे पत्रा ठोकला. मी नेमकी त्याच दिवशी गेले होते. म्हटलं, "वहिनी, भिंतीला साडी नेसवतेस की काय?"

"मग? उघडी बरी नाय दिसत, ताय," ती हसत म्हणाली. कोपरापर्यंत हात खळीनं चिकट झाले होते.

पुढे आईची नजर गेली आणि दादानं तिला मुरब्याहून सरावलीला आणलं. जन्मभर डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकलेली बाई, आता पाण्याच्या पेल्यासाठी हाक मारायची आणि हाक मारली म्हणून रडायची. पुढे पुढे तर तहान लागली तरी सांगेना. एकदा वहिनी तिला हाताला धरून स्वयंपाकघरातून नेत होती. एका जोडावर, सुती कापड संपून जीनचं जाड कापड सुरू होत होतं तिथे, भिंतीवरून फिरणारा आईचा दुसरा हात थांबला. मागे गेला, परत पुढे आला. एवढंच. पण वहिनीनं ते पाहिलं.

आठवड्याभरात तिनं अर्धी भिंत सोलून काढली. मी गेले तर नव्या कापडांचा पसारा पडलेला. वहिनी समजावून सांगू लागली. दारापासून कमरेच्या उंचीवर साधं सुती, म्हणजे चालत राहायचं. जाड जीन आलं की माठ. मखमल आली की वरच्या फळीवर चहा-साखर. टॉवेलचं कापड लागलं की थांबायचं, हातभर अंतरावर शेगडी आहे. मी घाबरलेच. "आईला गॅसजवळ पाठवणार तू? भाजली म्हणजे?" मी नको नको ते बोलले. सांभाळायचा कंटाळा आलाय का, असंही बोलले. वहिनीचा आवाज चढला नाही. "आईंनी जन्मभर बोटांनी मासा पारखला, ताय. डोळं गेलं, बोटं हायत ना?"

मी रागानं निघून आले ती दीड महिना तिकडे फिरकले नाही. मग एका दुपारी गेले तर वहिनी बाहेरच्या खोलीत बसलेली. तिनं ओठांवर बोट ठेवलं. आतून भांड्याचा आवाज येत होता. थोड्या वेळानं आई एका हातानं भिंत चाचपत, दुसऱ्या हातात कप धरून बाहेर आली आणि म्हणाली, "कोन आलंय? चा घे." चहात साखर जरा जास्त होती. मी तो प्यायले आणि वहिनीकडे बघायची हिंमत मला झाली नाही. माफी मागायची राहिली ती राहिलीच...

दिवसकार्य आटोपल्यावर दादा म्हणाला, "तुला एक सांगायचं राहिलं. आईला शिकवायच्या आधी आठ दिवस ती स्वतः डोळ्यांना ओढणी बांधून चहा करायची. दोनदा भाजली. जिथं भाजली, तिथून टॉवेलचं कापड मागं घेतलं. तुला सांगायचं नाय म्हणाली." मी शाळेत पंचवीस वर्षं मुलांना शिकवते आहे. शिकवायच्या आधी असं शिकणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

दादाची नोकरी पाळीची, म्हणून आई आता पालघरला माझ्याकडे असते. माझ्या स्वयंपाकघरात छतापर्यंत गुळगुळीत फरशा. पहिल्या दिवशी आईचा हात त्यांच्यावरून नुसता घसरत राहिला. ती बाहेर येऊन खुर्चीत बसली. दुसऱ्या दिवशी तिनं पाणी मागितलं नाही, तेव्हा मी उठले. दादाकडून वहिनीच्या कापडांचं गाठोडं आणलं. माझ्या खळीत गुठळ्या झाल्या, त्या आईनं पातेल्यात हात घालून मोडल्या. चार दिवसांत जमेल तशी भिंत झाली.

मग मीही दार नुसतं लोटून डोळ्यांना ओढणी बांधली. तीन पावलं गेले आणि जागीच अडकले. ओट्याची कड कुठे, मी कुठे, काही उमजेना. ओढणी सोडणार तोच कुणीतरी मनगट धरलं. आई कधी आत आली, कळलंच नाही.

"बांधलंस काय डोळं?"

"हो."

"ऱ्हाऊ दे मग. सोडू नको." तिनं माझी बोटं कापडावर टेकवली आणि चालू लागली. "हेमा पन पयल्यांदा अशीच कापत व्हती. मीच न्हेलं तिला."