पाठ फिरवून घेतलेलं माप

गेली कित्येक वर्षं गुरुवारच्या भजनानंतर मी माझा शेगावचा अनुभव सांगत आलो. धामणगाव बढ्यातल्या आमच्या भजनी मंडळाला तो आता तोंडपाठ आहे. दर्शनबारीत मी चक्कर येऊन पडलो, पांढरा शर्ट आणि करडी पँट घातलेला एक माणूस गर्दीतून पुढे आला, त्याने मला सावरलं आणि नाव न सांगता निघून गेला. महाराजच आले होते, असं ऐकणारे म्हणतात आणि मी हात जोडतो. या अनुभवातली एक गोष्ट खोटी आहे. ती दुरुस्त करायचं मी टाळत आलो, कारण ती सांगायची तर तिच्या आधीचंही सगळं सांगावं लागतं. आता सुईत दोरा ओवायला मला दुसऱ्याचे डोळे लागतात. आणखी थांबण्यात अर्थ नाही.

मी गावातला जेन्ट्स टेलर. दुकान रस्त्याला, घर मागे, मध्ये एक पडदा. माझे उस्ताद मलकापूरचे. कात्री हातात देताना त्यांनी मला एक नियम घालून दिला होता, की बाईच्या अंगाला टेप लावायची नाही. तो मी आयुष्यभर पाळला. लग्नाचे सूट शिवले, शाळेचे गणवेश शिवले, पुढाऱ्यांचे सफारी शिवले, पण मुलींचे कपडे आले की समोरच्या लेडीज टेलरकडे बोट दाखवायचो. या नियमाचा मला अभिमान होता. अभिमान किती होता ते पुढे कळेलच.

माझी मुलगी वंदना तालुक्याच्या एका कचेरीत नोकरीला लागली. जुनी दप्तरं सांभाळायचं काम. दिवसभर शिडीवर चढायचं, गठ्ठे काढायचे, खाली आणायचे, पुन्हा वर ठेवायचे. जायला-यायला माझी मोटारसायकल. साडी शिडीत अडकायची, पंजाबी ड्रेसची ओढणी सावरण्यात एक हात गुंतायचा. तिने बुलढाण्यातून तयार शर्ट-पँट आणून पाहिले. बायकांच्या शर्टाला छातीवरच्या दोन बटणांमध्ये फट पडायची, आणि पँटला खिसा नुसता दाखवायचा, आतून शिवून टाकलेला. पुरुषांचा शर्ट घेतला तर खांदे उतरायचे, पँट घेतली तर कमरेत ढगळ आणि बसायला घट्ट. समोरच्या लेडीज टेलरने शिवून दिली ती पँट बाजूला चेनची, बिनखिशाची. मग ती माझ्याकडे आली.

नियम तिला माहीत होता, म्हणून तिने वाट काढली होती. माझीच एक जुनी पँट तिने स्वतःला हवी तिथे सेफ्टी पिना लावून आणली. मापाचा कपडा दिला की टेप लावायची गरज उरत नाही. दुकानात त्या वेळी गिऱ्हाइकं बसली होती.

"बाबा, तुमी आख्ख्या गावाच्या पँटा शिवता. मले एक शिवून द्या," ती म्हणाली. "खिसे खरे पाह्यजेत. शिडीवर दोन्ही हात मोकळे लागतात मले."

बाकावर बसलेला एक जण हसला. "काय हो मास्तर, लेकीले बुलेट घेऊन द्या आता. मिशा तेवढ्या बाकी राह्यल्या!"

तो हसला नसता तर मी काय केलं असतं, हा विचार मी पुष्कळदा केला आहे. त्या दिवशी मात्र मी उठलो, ती पँट पिनांसकट रस्त्यावर फेकली आणि म्हणालो, "बहुरूपी व्हायचं हाय का तुले? बाईच्या जातीनं बाईवानी राहा. अन् ओढणी घेतल्याबिगर या घरातून पाय बाहेर काढू नको."

तिने रस्त्यावरून पँट उचलली, धूळ झटकली, एकेक पिन काढून ओंजळीत घेतली. रडली नाही. "पिना आईच्या हायेत," एवढंच म्हणाली आणि पडद्याआड गेली.

त्यानंतर ती रोज ओढणी घेऊन जायची. पावसाळा उलटून गेल्यावर एका सकाळी मोताळ्याच्या रस्त्यावर ती गाडीवरून पडली. उजव्या हाताचं कोपर मोडलं. दवाखान्यात सगळ्यांना तिने सांगितलं की कुत्रं आडवं आलं. मीही तेच सांगत सुटलो. पण संध्याकाळी न्हाणीघरात वंदनाची आई ओढणी धूत होती. अर्धी ओढणी फाटून गेली होती आणि उरलेल्या टोकाला गाडीच्या चेनचं काळं वंगण लागलं होतं. मी दारात उभा राहिलो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, ते टोक दगडावर घासत राहिली. ओढणी फाटली म्हणून पोरगी वाचली, हे आम्हा दोघांनाही तेव्हाच कळलं. कुत्र्याचं नाव वंदनाने माझ्यासाठी घेतलं होतं.

ऑपरेशन झालं, पण हात पूर्ण सरळ होईल की नाही हे डॉक्टर सांगेनात. मी उपाशीपोटी शेगावची एसटी धरली. महाराजांपुढे जाऊन लेकीचा हात बरा करून मागायचा, असं ठरवलं होतं. बारीत उभा असताना मात्र मनात एकच येत होतं की कोणत्या तोंडाने मागू? ज्याने मोडला त्यानेच जोडून मागायचा. त्यातच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खाली बसलो तो आडवाच झालो.

शुद्ध जाता-येता माणसाला काय दिसावं? मला खिसा दिसला. माझ्या डोळ्यांशेजारी कुणीतरी गुडघे टेकून बसलं होतं आणि करड्या पँटच्या तिरक्या खिशातून रुमाल निघत होता. खिसा चांगला खोल होता, तोंडाला दुहेरी टीप मारलेली. दुसऱ्या खिशातून खडीसाखरेची पुडी निघाली. शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली, हात मोकळे. वाटलं, कुणी सेवेकरी असेल.

"बाबा, आ करा. साखर ठेवतो जिभेवर," आवाज आला. तो बाईचा होता.

वंदनाच्याच वयाची असेल. एका सेवेकऱ्याच्या मदतीने तिने मला उठवलं, बाकावर बसवलं, पाणी दिलं. मला बोलता येऊ लागल्यावर मी पहिली गोष्ट विचारली ती ही, "बाई, ही पँट कोनं शिवली?"

ती मोठ्याने हसली. "अजब हाय तुमचं! मरता मरता राह्यले अन् पँट पाहून राह्यले. माह्या बाबानं शिवली. डोणगावले टेलर हायेत ते, जेन्ट्स टेलर."

"अन् माप?"

"ते नाहीच म्हणत होते पह्यले. बाईच्या अंगाले टेप लावत नाही म्हणे. मंग आईच्या हाती टेप देली अन् आपण पाठ करून बसले. आईनं आकडे सांगावं, त्यायनं लिहावं." ती उठली. "काहीतरी खाऊन घ्या आता. येतो."

मी खाली मान घालून बसून राहिलो. माझ्या दुकानामागे पडदा होता. पडद्यामागे वंदनाची आई होती. टेप माझ्या गळ्यातच होती. नियम न मोडता हे करता आलं असतं आणि ते मला सुचलं नाही, कारण मला सुचवून घ्यायचंच नव्हतं. मान वर केली तेव्हा ती गर्दीत मिसळली होती. त्या दिवशी मी समाधीपुढे काहीच मागितलं नाही. नुसतं डोकं टेकलं.

पुढे डोणगावच्या एका नातलगाला मी विचारायला लावलं. त्याला असा टेलर सापडला नाही. डोणगाव मोठं गाव आहे, तिथे टेलर पुष्कळ. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. मला जे मिळायचं होतं ते मिळालं.

गावी परतल्यावर लोकांनी विचारलं, कुणी सावरलं? पँट-शर्टातली बाई, हे शब्द माझ्या तोंडून निघेनात. लेकीची पँट मी ज्यांच्यासमोर रस्त्यावर फेकली होती, तेच विचारत होते. मी म्हणालो, "एक माणूस होता." बाकीचं मंडळींनी जुळवलं आणि मी जुळवू दिलं. एकदा महाराजांच्या प्रकटदिनाला वंदना शेवटच्या रांगेत बसून माझा अनुभव ऐकत होती. घरी निघताना म्हणाली, "बाबा, त्या माणसाचं तोंड आठवत नाही तुमाले, अन् खिसे मात्र बरे ध्यानात राह्यले." मी चप्पल शोधत राहिलो.

शेगावहून आल्यावर थोड्याच दिवसांनी मी वंदनाच्या आईच्या हाती टेप दिली आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. कुठल्याही टेलरला विचारा, दुसऱ्याने घेतलेल्या मापावर तो कात्री चालवत नाही. मी चालवली. कानावर येईल तो आकडा खरा मानून लिहायचा, मागे वळून पाहायचं नाही. शरण जाणं म्हणतात ते मला एवढंच समजलं आहे, आणि तेही भजनात बसून समजलं नाही. पहिल्या पँटला मी दोन खोल खिसे दिले, बैठकीला सैल ठेवली. शर्टाच्या छातीवर आतून एक लपतं बटण लावलं, म्हणजे फट पडत नाही. मग वंदनाच्या कचेरीतल्या बाया आल्या, बँकेतली एक आली, ग्रामसेविका आली. दुकानातलं हसणं काही दिवस चाललं आणि मग थांबलं. वंदनाच्या आईला सगळे टेलरीणबाई म्हणू लागले. महाराजांची कृपा मी मोजत नाही, पण माझ्या म्हातारपणाचे दिवस या कामावर सुखात गेले.

वंदनाचा हात पूर्ण सरळ झाला नाही. कोपर जरा वाकलेलं राहतं, म्हणून उजवी बाही डावीपेक्षा किंचित लांब कापावी लागते, नाहीतर कफ मनगटावरून वर चढतो. हे माप कुणी सांगितलेलं नाही. ते मला आपोआप येतं.

परवा ती नवा शर्ट घालून पाहायला आली. आरशासमोर उभी राहिली, हात वर केला, खाली केला, शिडीवरून गठ्ठा काढावा तसा पुढे केला. कफ जागेवर राहिला. "बरोबर बसला, बाबा," ती म्हणाली. दुकानात आम्ही दोघंच होतो. मला म्हणायचं होतं, वंदना, कुत्रं आडवं आलं नव्हतं, ती ओढणी मी तुझ्या गळ्यात घातली होती, मला माफ कर. शब्द जुळलेले होते. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो, खांद्यावरचा दोरा काढला आणि विचारलं, "कॉलर टोचत तर नाही ना?"