आजोबांच्या सुऱ्याचा काळा रंग

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर थोरलीने विचारलं, “आजी, आजोबांच्या आणि बाबाच्या सुऱ्यांपैकी कुठल्याचं स्टील चांगलं होतं?” मी काहीतरी बोलून विषय बदलला. उत्तर मला नीट ठाऊक आहे. पण ते सांगितलं की पुढचंही सांगावं लागतं, आणि ते फोनवर मला जमलं नसतं. म्हणून लिहून पाठवतेय. मराठी वाचायला वेळ लागला तर लागू दे.

काळा सुरा आजोबांचा. फौजेत असताना छावणीबाहेरच्या एका लोहाराकडून त्यांनी तो ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून करून घेतला होता. कमानपाटा म्हणजे चाकाच्या वर असते ती जाड, लवचीक पट्टी. गाडीचे सगळे धक्के ती सोसते. पात्याच्या टोकापासून मुठीच्या शेवटापर्यंत एकच अखंड पोलाद, आणि मुठीला दोन्ही बाजूंनी शिसवी लाकूड. दुसरा सुरा तुमच्या बाबाने परदेशातून आणलेला. स्टेनलेस, रबरी मुठीचा, चकचकीत.

तो आणला त्याच सुट्टीत बापलेकांनी आपल्या इथल्या बेव्हर्ली पार्कच्या घराच्या बाल्कनीत दोन्ही सुऱ्यांची परीक्षा घेतली. जवळच्या डोंगरी गावातल्या एका ओळखीच्या कोळ्याकडून जाड जुना दोर आणला आणि कापत बसले.

“बाबा, तुमचा गंजतो. माझा खाडीत टाकला तरी काही होणार नाही त्याला.”

“माझे बूटही रोज पॉलिश करायला लागायचे. म्हणून काय अनवाणी फिरलो?”

“अहो, धार बघा ना, अजून टिकलीय!”

“टिकू दे. गेली की सांग, मग गंमत बघू.”

स्टेनलेसची धार खरंच जास्त वेळ टिकली. पण गेल्यावर ती परत आणताना तुमचा बाबा दुपारभर दगडावर घासत होता. आजोबांनी आपला सुरा निसण्याच्या दगडावर चारदा फिरवला आणि त्याने हातावरचे केस काढून दाखवले. मग दोघांनी सुक्या बांबूच्या पेरावर घाव घातले. स्टेनलेसच्या धारेचा बारीकसा टवका उडाला. आजोबांची धार किंचित वाकली, ती त्यांनी दगडावर सरळ करून घेतली. तेव्हा थोरले, तुझं उत्तर असं: आपल्यासारख्या खाऱ्या हवेतल्या घराला स्टेनलेस बरं. पण जिथे आपण आणि खिशातला एक दगड, एवढंच असतं, तिथे आजोबांचं पोलाद चांगलं.

आता त्या काळ्या रंगाबद्दल. तसं पोलाद उघडं राहिलं तर तांबडा गंज धरतं. पण त्याने कांदा, कैरी, मटण कापत राहिलं आणि पुसून तेलाचा हात दिला, की वर्षानुवर्षांनी त्यावर काळसर थर चढतो आणि तोच गंजाला आवर घालतो. आजोबांच्या सुऱ्यावर तो टोकाकडे निळसर होता, मुठीजवळ तपकिरी. हे त्यांनी मला अनेकदा सांगितलं होतं. मी इंग्रजी शिकवणारी बाई. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

पुढे त्यांना विसर पडायला लागला. आधी गेटचा रस्ता, मग तुमच्या बाबाचं नाव, मग मी. जन्मभर मला “अगं” म्हणणारा माणूस मला “अहो बाई” म्हणायला लागला. मात्र दुपारच्या चहानंतर मी तो सुरा हातात दिला की ते पातं उन्हाकडे धरायचे, त्या रंगावरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, “माझा आहे.” घरात दुसऱ्या कुठल्याही वस्तूला ते आपलं म्हणत नव्हते. तुमचा बाबा फोनवर रागवायचा, “आई, त्यांच्या हातात सुरा नको देऊस गं!” मी शेजारी बसून राहायची, पण द्यायची.

खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रांची पूजा असते. विळी, अडकित्ता, कात्री, पाने-पक्कड, सगळं मी घासूनपुसून पाटावर मांडते. सुऱ्याचं मात्र दरवर्षी आजोबाच बघायचे, तेलाच्या फडक्याने. त्या वर्षी त्यांना सुधरत नव्हतं, म्हणून तोही मी घेतला. पूजेला काळं कसं ठेवायचं? तारेची घासणी, भांड्यांची पावडर, आणि वर पॉलिश पेपर. दोन तास घासला. चांदीसारखा केला आणि मला फार बरं वाटलं. ओलं हळदीकुंकू लावून दसऱ्यापर्यंत पाटावर ठेवला. उचलला तेव्हा जिथे जिथे कुंकू होतं तिथे तांबडा गंज धरला होता. तोही मी घासून काढला.

दुपारी त्यांच्या हातात दिला. त्यांनी उन्हाकडे धरला, उलटा केला, परत सरळ केला.

“हा माझा नाही.”

“अहो, तुमचाच आहे. मी फक्त धुतलाय.”

“बाई, माझा काळा आहे. तुम्ही घेतलात का? परत करा. मी कोणाला सांगणार नाही.”

त्यानंतर ते रोज शोधायचे. गादीखाली, धान्याच्या डब्यात, माझ्या पर्समध्ये.

मी सुरा घेऊन जवळच्या हाटकेश भागात गेले. तिथे छोट्या वर्कशॉपमध्ये पोलादाला पाणी देणारे, म्हणजे ते तापवून, विझवून कठीण करणारे, एक गृहस्थ आहेत. त्यांनी कानस लावून बघितली. “माल एक नंबर है, आंटी. घिसा किसने?”

“मैंने.”

त्यांनी पातं उलटसुलट करून बघितलं. “काला तो मैं आज ही कर दूँगा, केमिकल से. पर एक जैसा काला आएगा. वो हाथ का रंग था, वो मैं कहाँ से लाऊँ?”

मी तसाच परत आणला आणि त्याच दिवसापासून घरातलं सगळं त्या सुऱ्याने कापायला लागले. कांदे, लिंबं, कैऱ्या. पुसायचा, तेल लावायचं, ठेवायचा. बोटं कापली, सवय नव्हती. महिन्याभराने पात्यावर राखाडी ढग दिसायला लागले. उन्हाळा संपता संपता टोकाला थोडी निळी झाक आली. तेव्हा ते अंथरुणातून उठत नव्हते आणि शोधणंही थांबलं होतं.

एके दुपारी मी उशी टेकून त्यांना बसवलं आणि सुरा हातात दिला. त्यांनी नखाने टिचकी मारून आवाज ऐकला. अंगठा धारेवर आडवा फिरवला, अगदी पूर्वीसारखा.

“चांगलं पोलाद आहे,” ते म्हणाले. मग मूठ माझ्याकडे करून सुरा परत दिला. “ज्याचा असेल त्याला देऊन टाका, बाई. शोधत असेल तो.”

मी “हो, देते” म्हटलं.